तळ्याच्या बुडाशी बसलेला माणूस

वैजिनाथच्या तोंडावर पहिली चपराक बसली तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता, खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ होता. दुसरी बसली तेव्हा नारळ खाली पडून फुटला. त्यातून पाणी काही निघालं नाही. त्या साली नारळसुद्धा कोरडेच येत होते, पण ते जाऊ द्या.

सत्काराचा कार्यक्रम होता, हिंगणदऱ्याच्या सहकारी सोसायटीच्या हॉलमध्ये. गावात बायका टँकरच्या नळीखाली एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, ऊस तोडून परत आलेली माणसं पाण्यापायी पुन्हा गाव सोडायच्या बेतात होती, आणि सोसायटीला लेखकाच्या सत्काराची हौस सुटली होती. सुटणारच की हो! सोसायटीचा चेअरमन महारुद्र म्हणजे लेखकाचा सख्खा धाकटा भाऊ, आणि निवडणूक तोंडावर आलेली. वैजिनाथ अंबाजोगाईला कॉलेजात मराठी शिकवायचा. त्याच्या 'बुडातला माणूस' या कादंबरीला मोठं बक्षीस मिळालं होतं, पेपरात फोटो आला होता. लिंगायत वाण्याच्या त्या घरात दुकान सोडून पुस्तकाच्या नादी लागलेला हा पहिलाच.

कादंबरी बहात्तरच्या दुष्काळाची. गावातला एक मराठा गडी गोदामातल्या धान्यासाठी उठतो. गावचा देशमुख त्याचा खून करतो आणि बांधकाम चालू असलेल्या तळ्याच्या बुडात त्याला पुरतो. पुरतो तोही मांडी घालून, बसवून. पुढं पाऊस पडतो, तळं भरतं, आणि तो माणूस पाण्याखाली तसाच बसून राहतो. वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. एका पुणेकर समीक्षकानं मात्र खोडी काढली होती. बसवून पुरायची रीत लिंगायतांची, मराठ्यांत तर जाळतात. मग लेखकानं मराठ्याच्या मयताला बसवलंच कसं? लेखकाला आपल्याच भागातल्या रीती ठाऊक नाहीत काय?

हे वैजिनाथला भारी झोंबलं होतं. म्हणून सत्काराच्या भाषणात त्यानं त्याचंच उत्तर दिलं. म्हणाला, "ही प्रतिमा माझी नाही. माझ्या आईच्या जात्यातली आहे. मी दुष्काळात जन्मलो. मला मांडीवर घेऊन आई दळायची आणि एक ओवी म्हणायची. त्या एका ओवीतून माझी सगळी कादंबरी उभी राहिली." आणि गहिवरून त्यानं ती म्हणून दाखवली:

तळ्याच्या बुडामंदी, बाई, मांडी घालून कोन बसं
पानी चढतं गळ्यापातूर, तरी उठंना, कसं गं कसं

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्याची आई बसम्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा आवाज कैक जणींना आठवला.

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला बिभीषण पुढं आला. हा मराठ्याचा पोरगा, वैजिनाथच्या वर्गातला, बरोबरीचा. ऊसतोडीनं खांदे रुंद झालेले, सध्या तळ्यातला गाळ ट्रॅक्टरनं वाहायचा. त्याचा बाप आश्रुबा बहात्तरच्या दुष्काळात, बिभीषण पोटात असताना, गावातून नाहीसा झाला होता. गाव म्हणायचं, सुरतेला पळाला. कुणी म्हणायचं, बाई घेऊन पळाला.

"ही ओवी आनखी कुनाची माय म्हनायची का रं?" बिभीषणनं विचारलं.

"नाही," वैजिनाथ मोठ्या अभिमानानं म्हणाला. "आईनं स्वतः रचलेली. दुसऱ्या कुठल्याही बाईच्या तोंडून मी ती ऐकली नाही."

"सोत्ता रचली. तिच्या मनानं."

"हो, तिच्या मनानं."

बिभीषण स्टेजवर चढला आणि त्यानं पहिली ठेवून दिली. "मनानं रचली व्हय बे? मनानं?" म्हणत दुसरी. महारुद्रची दोन माणसं धावली. एकाच्या पोटात लाथ बसली तसा तो सतरंजीवर ओकला, दुसरा आपसूकच मागं सरला. बिभीषणनं वैजिनाथला सत्काराच्या शालीनंच मानेला धरलं आणि फरफटत बाहेर आणलं. ट्रॅक्टरच्या सीटखालून कोयता काढून गर्दीला दाखवला आणि लेखकाला मडगार्डवर टाकून ट्रॅक्टर तळ्याकडं हाणला.

आता तळ्यात काय झालं होतं ते सांगायला हवं. हे तळं बहात्तरच्या दुष्काळी कामावर याच गावानं बांधलेलं. यंदा ते पार तळाला गेलं, म्हणून जेसीबी लावून गाळ काढणं सुरू होतं. आदल्या दिवशी गाळाखालच्या मुरमात बकेट खुपसली आणि जेसीबीवाला ओरडत खाली उडी मारून पळाला. तळ्यात माणूस बसला होता. नुसती हाडं, पण मांडी घातलेली, पाठ मुरमाला टेकलेली, आणि उजव्या हाताच्या बोटांची हाडं लिंगायत गळ्यात घालतात तसल्या एका काळ्याभोर इष्टलिंगावर घट्ट वळलेली.

पोलीस जमादार आला, त्यानं लिंग बघितलं आणि त्याचं काम हलकं झालं. म्हणाला, वाण्याची जुनी समाधी असेल, तळ्याच्या आधीची. डोक्याची कवटी एका अंगानं फुटलेली होती. तो म्हणाला, बकेट लागली असेल. लिंगायत मंडळींनीही मान डोलावली, सत्कार उरकला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दफनभूमीत रीतसर ठेवू, सगळ्यांत थोरले म्हणून अण्णाराव भस्म लावतील. हे अण्णाराव म्हणजे वैजिनाथचे वडील. विधी करणारे जंगमस्वामी तेवढे कुरकुरले होते. मयताच्या डाव्या तळहातावर लिंग देतात, हे उजव्या मुठीत कसं? पण त्यांचं ऐकतो कोण. उन्हात उभं राहायला कुणालाच हौस नव्हती. वैजिनाथ तर थेट सत्कारालाच आला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बिभीषणनं ताडपत्री फेकून दिली आणि वैजिनाथची मान धरून त्याचं तोंड त्या कवटीजवळ नेलं.

"वळख."

"बिभ्या, अरे मला काय माहीत..."

"तुज्या कादंबरीत हाय की! जशाला तसं. तुज्या आईला कसं ठावं, आं? हाडं तर काल घावली."

"योगायोग असेल. लोकगीतात असं..."

पुढचं बोलणं दातांसकट आत गेलं. बिभीषणनं गुडघा असा घातला की वैजिनाथ गाळात पालथा पडला, नाकातून भळभळ रक्त आलं आणि त्या भेगाळलेल्या गाळानं ते लागलीच पिऊन टाकलं. वैजिनाथला खरोखरच भीती वाटली, आणि ती बिभीषणच्या कोयत्याची नव्हती. ओवी पुन्हा पुन्हा कानात येत होती आणि समोर हाडं बसली होती.

बिभीषण त्याच्याशेजारी उकिडवा बसला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"माजी माय आजूक कुक्कू लावती. नवरा मेला म्हनून कुनी सांगितलं न्हाई, मग पुसावं कावून? पन सवाष्न म्हनून कुनी तिची वटी भरत न्हाई, अन इधवा म्हनून कुनी जवळ घेत न्हाई. पळून गेलेल्याची बायको. लोक तिला काय काय बोलले ते तुज्या कादंबरीत न्हाई बसायचं. उद्या ह्याला तुमी वाण्याच्या जागंत गाडलं की झालं, माजा बाप दुसऱ्यांदा गायब. उद्या तितं समद्यांम्होरं तू सांगायचं ह्यो कोन हाय अन कुनी मारला. न्हाई सांगितलं, तर मी तुज्या बापाला इचारीन. अन मी तोंडानं इचारनार न्हाई."

असं म्हणून त्यानं कोयता ट्रॅक्टरच्या टायरवर घासला आणि निघून गेला.

वैजिनाथ पायीच गावाकडं निघाला. शाल गाळात राहिली, हार तुटून शर्टात अडकलेला. लेखक म्हणून त्याला एका गोष्टीचा मोठा तोरा होता. तो सगळीकडं सांगायचा की काहीच नसलेल्या जागेतून मी माणसं उभी करतो. आता वाटेनं चालताना त्या कादंबरीतली एकेक गोष्ट त्याला आपलं घर सांगायला लागली. कादंबरीतला देशमुख पूजा करताना भिंतीकडं तोंड करतो, कुणाला पुढं फिरकू देत नाही. ती पाठ कुणाची? आप्पांची, म्हणजे अण्णारावांची. आप्पा इष्टलिंगाची पूजा जन्मभर भिंतीकडं तोंड करूनच करत आले, आणि आई दारात राखणीला बसायची. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी त्यांनी पोरांसमोर कधी उघडली नव्हती. कादंबरीतल्या दुकानात पाच किलोचं वजन नाही. दोन, दोन आणि एक घालून पाच करतात. वाचकांना ते फार गमतीचं वाटलं होतं. ते दुकान कुणाचं? कादंबरीतली बाई लाल ज्वारी बघितली की ओकते. ती आई. सगळा मालमसाला घरचा होता, आणि खून तेवढा देशमुखाच्या अंगावर ढकललेला. कावून? कारण गोष्टीत देशमुख शोभून दिसतो. दुकानदार वाणी खुनी म्हणून कुणाला पटतो?

'आई, तू मला मांडीवर घेऊन साक्ष देत होतीस,' तो मनाशी म्हणाला, 'आणि मी त्याची कला केली.' त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी दिवेलागण झाली होती. अण्णाराव बाजेवर बसले होते, ऐंशी ओलांडलेले, मांडीवर काठी, कपाळावर भस्माचे पट्टे. महारुद्र फोनवर कुणाला तरी शिव्या देत फेऱ्या मारत होता. भावाचं सुजलेलं तोंड बघून तो म्हणाला, "दादा, त्या बिभ्याला उद्या हातपाय तोडून आणतो का न्हाई बघ."

वैजिनाथ त्याच्याकडं न बघता बाजेपुढं खाली बसला. "आप्पा, गळ्यातली डबी उघडा."

म्हाताऱ्याची काठी सप्पकन त्याच्या कानशिलावर आली. एवढा जीव त्या हातात अजून होता. "बापाच्या लिंगाला हात घालतोस? तू वाण्याच्या पोटचा का कुनाच्या?"

"उघडा आप्पा. तळ्यातलं लिंग कुणाचं आहे?"

महारुद्रला एकदम उमगलं असावं, नाहीतर आधीपासून थोडं माहीत असावं. त्यानं वैजिनाथची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. "तोंड मिटव! निवडनूक तोंडावर हाय. सोसायटी आपल्या घरात हाय ती आप्पांपासनं. लोकांच्या घरची लक्तरं लिहून हार घेतोस आन आता हितं सुरू केलंस का?"

"महारुद्र, त्या बाईला तिचा माणूस..."

"ह्याच हातानं लिहितोस ना?" महारुद्रनं त्याचा उजवा हात ओढून दाराच्या चौकटीत धरला आणि सागवानी दार सगळ्या जोरानिशी लावलं.

बोटं मोडल्याचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू आला. वैजिनाथ ओरडला ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. महारुद्रनं पुन्हा दार उघडलं, पुन्हा लावणार, एवढ्यात अण्णाराव बाजेवरून उठले. "सोड त्येला! सोड म्हनतो ना, भडव्या!" आणि त्यांनी गळ्यातली डबी काढून, उघडून बाजेवर उपडी केली.

आतून कापसाचा एक पिवळा पडलेला बोळा पडला. दुसरं काही नव्हतं.

महारुद्र दाराला धरून मटकन खाली बसला. वैजिनाथनं मोडका हात पोटाशी धरला होता, वेदनेनं त्याला गरगरत होतं, पण त्याची नजर त्या बोळ्यावरून हलेना. मग अण्णाराव बोलायला लागले. एवढी वर्षं तोंडात दाबून धरलेलं ते भडाभडा बाहेर आलं.

"त्या दिशी वडगावचा बाजार व्हता. तळ्याचं काम बंद. गाव समदं बाजारला गेलतं. मी सोसायटीच्या गोदामात येकटाच. आत लाल मिलो पडलेला, सरकारी परदेशी ज्वारी. वरनं सांगावा आल्याबिगर पोतं फोडायचं न्हाई, आसा हुकूम. आश्रुबा आला. भर दुपार. म्हनला, 'शेट, पोतं सोड. माजी बायको पोटुशी हाय, पाला उकडून खाती.' मी म्हनलं, हुकूम न्हाई. त्यो म्हनला, 'हुकूम न्हाई तर काल तुज्या दुकानात मिलो कुटनं आला?'"

"आला होता?" वैजिनाथनं विचारलं.

अण्णारावांनी त्याच्याकडं बघितलं. "आलता," ते म्हणाले. "चोरूनच आनलता. तू पोटात व्हतास. मलाबी घर व्हतं."

पुढचं असं झालं. आश्रुबानं अण्णारावांच्या थोबाडीत मारली. वाण्यानं मार खाल्ला, गप्प राहिला. मार खायची त्याला सवय होती. आश्रुबानं पोत्याला हात घातला. अण्णाराव आडवे झाले. तेव्हा आश्रुबानं त्यांना गळ्याशी धरून ओढलं, आणि ओढताना लिंगाचा दोरा तुटला. डबी उघडून लांब पडली, लिंग त्याच्या हातात आलं. त्यानं ते मुठीत धरून वर केलं आणि म्हणाला, "ह्यो तुजा देव? ह्येची शपत घिऊन सांग मिलो चोरला न्हाई म्हनून! सांग बे!"

"लिंग गेलं म्हंजी जीव गेला आमचा," अण्णाराव म्हणाले. "मला काय दिसंना झालं. दुकानातनं आनलेलं पाच किलोचं वजन हाताला लागलं. म्या घातलं डोस्क्यात. त्यो खाली बसला. म्हनला, 'शेट, आवं...' म्या आनखी घातलं. त्यो मिलोत पडला तरी घातलं. लाल मिलो आन लाल रगत, काय कळंना कुटलं काय. मूठ मातूर सोडली न्हाई त्यानं. मरताना बी सोडली न्हाई."

बसम्मा जेवणाचा डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हा. तिला सातवा महिना. ती ओरडली नाही. डबा खाली ठेवला आणि गोदामाचं दार आतून लावलं. दोघांनी त्याला रिकाम्या पोत्यांखाली घालून सोसायटीच्या बैलगाडीतून तळ्यावर नेलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. बांधाखाली मुरूम काढलेले खड्डे होते. अण्णारावांनी एक खड्डा खोल केला.

"आडवं टाकून माती लोटली आसती तर कुनाला कळलं बी नसतं," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पन त्येच्या मुठीत माजं लिंग. म्या बोटं उकलायला गेलो, उकलंनात. दगडानं मोडायला हवी व्हती. तेवढं काय माज्यानं झालं न्हाई. मानूस मारला, पन बोटं मोडायला हात उठंना! आन ज्याच्या हातात लिंग, त्येला आडवं कसं पुरायचं? तुजी आई म्हनली, 'बसवा त्येला.' बसवला. मांडी घालून दिली. भस्म व्हतं माज्या कनवटीला, ते लावलं. तवर तिनं शिवाचं नाव घेतलं. मंग माती लोटली."

मोडक्या बोटांकडं बघत वैजिनाथ रडत होता. स्वतःसाठी, की आईसाठी, की त्या बोटं न उकललेल्या माणसासाठी, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. बापाचा त्याला भयंकर राग आला होता, आणि तो बाप बाजेवर एवढासा होऊन बसला होता.

"आप्पा, उद्या मी सांगणार," तो शेवटी म्हणाला.

"तू सांगितलंस तर मी तुजा भाऊ न्हाई," महारुद्र खालूनच म्हणाला. पण त्याच्या आवाजात आता दम नव्हता. अण्णारावांनी कापूस पुन्हा डबीत घातला आणि डबी गळ्यात अडकवली.

सकाळी दफनभूमीत लिंगायत मंडळी जमली होती. खड्डा तयार होता, आत बसवायला कोनाडा कोरलेला. हाडं पांढऱ्या धडप्यात आणली होती आणि लिंग बोटांत होतं तसंच ठेवलं होतं, स्वामींनीच काढू दिलं नव्हतं. काटेरी कुंपणापलीकडं बिभीषण उभा होता, कोयता उघडाच हातात. त्याच्याशेजारी त्याची आई छबुबाई, काटकीसारखी वाळलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत यायचं तिला कुणी बोलावणं केलं नव्हतं.

स्वामींनी भस्माची वाटी अण्णारावांपुढं धरली. "कुनाच्या नावानं लावायचं? नाव घ्या."

अण्णारावांची बोटं भस्मात तशीच राहिली. महारुद्र घाईनं म्हणाला, "नाव कुठलं स्वामी, जुनी समाधी हाय. बिगर नावाचं लावा."

"आश्रुबा," वैजिनाथ म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. हात फडक्यात बांधलेला, तोंड निळंकाळं, असा तो खड्ड्याच्या काठावर आला. आयुष्यभर त्यानं भाषणं ठोकली होती, शब्द कसे पेरायचे हे पोरांना शिकवलं होतं. इथं त्याला ते काही कामाला आलं नाही.

"हा आश्रुबा आहे. लिंग माझ्या बापाचं आहे. माझ्या बापानं त्याला गोदामात मारला. मिलोसाठी. माझ्या आईनं बसवला. कादंबरीत देशमुखाचं नाव लिहिलं ते खोटं आहे."

मग चुलते, चुलतभाऊ, मेहुणे, सगळे तुटून पडले. "बापाचं नाव घेतो! कुळाला काळं फासतो!" कुणी लाथ घातली, कुणी ढेकूळ हाणलं. मोडक्या हातावर कुणाचा तरी बूट पडला तेव्हा तो गुरासारखा ओरडला. स्वामी मधे पडले तर त्यांनाही धक्का बसून वाटी उडाली आणि भस्म सगळ्यांच्या अंगावर पसरलं.

त्या धुराळ्यातून बिभीषण कुंपण तुडवत आला. काट्यांनी पाय फाटले होते, त्याला भान नव्हतं. तो सरळ अण्णारावांवर गेला. म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली, सवयीनं. कोयत्यानं तिचे दोन तुकडे केले. मग अण्णाराव खाली बसले, टोपी काढली आणि मान पुढं केली.

"घाल," ते म्हणाले. "लई उशीर केलास, बाबा."

बिभीषणनं कोयता डोक्यावर नेला.

"बिभ्या!"

छबुबाई कुंपणाच्या फटीतून आत आली होती. तिनं लेकाकडं बघितलं नाही, अण्णारावांकडंही नाही. ती धडप्यापाशी खाली बसली. फुटलेल्या कवटीवरून तिनं हात फिरवला, जसा पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. मग ती त्या वळलेल्या बोटांपाशी आली. एकेक हाड तिनं हळूहळू बाजूला केलं. जे अण्णारावांना उकललं नव्हतं ते तिच्या हाताला आपसूक उकललं. लिंग घेऊन तिनं ते अण्णारावांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुमचं हाय, शेट. घ्या. आमच्यात ह्ये नसतंय."

अण्णारावांनी लिंगाला हात लावला नाही. ते छातीतून असा आवाज काढून रडले की मारणारे हात थांबले. त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस कुणालाच झालं नाही.

छबुबाईनं पदरानं कपाळ पुसलं. एकदा पुसून कुंकू जाईना, तेव्हा तिनं खसाखसा घासलं. मग तिथल्याच एका समाधीच्या दगडावर दोन्ही मनगटं आपटली. बांगड्या फुटल्या, काचा घुसून रक्त आलं, तरी ती आपटत राहिली, शेवटची बांगडी जाईस्तोवर. तिच्या तोंडातून हुंदका म्हणून आला नाही. तो तिनं केव्हाच कुठंतरी एकटीनं देऊन टाकला असावा.

मग तिनं मान वर केली आणि बिभीषणला म्हणाली, "ठिव तो कोयता. आन आडवं कर रं माज्या मानसाला. लई वरसं बसलाय त्यो. पाठ भरून आली आसंल त्येची."

बिभीषणनं कोयता टाकला. गुडघे टेकून तो बापाची हाडं धडप्यावर लांब मांडायला लागला. त्याला नीट दिसत नव्हतं, हात चुकत होते. वैजिनाथ रांगत त्याच्याजवळ गेला आणि उरलेल्या डाव्या हातानं आश्रुबाच्या मांडीची हाडं सोडवून सरळ करायला लागला. बिभीषणनं त्याला करू दिलं.